गुलाबरावांची पाच मिनिटं

मुक्ता, अर्जुन, परवा तुमच्या आईने फोनवर सांगितलं की तुमच्या धाकट्या भावाला ताप आहे आणि कपाळासमोर धरायचं यंत्र तीनदा तीन आकडे दाखवतं. तेव्हा मला आपल्या धाड गावच्या गल्लीतल्या गुलाबरावांविषयी तुम्हाला लिहावंसं वाटलं. मुक्ता, तुझा पहिला ताप त्यांनी मोजला.

गुलाबराव थर्मामीटर झटकायचे तेव्हा घरातली माणसं भिंतीला टेकून उभी राहत. एकदा त्यांच्या कोपराने माझ्या हातातला चहा कॅलेंडरवर उडाला. "बाजूले राहा म्हटलं होतं, मॅडम," एवढंच बोलले. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, म्हणून मॅडम.

ते बसस्थानकावर कंट्रोलर होते. निवृत्त झाल्यावर गाड्या सोडायचं काम संपलं, मग गल्लीतल्या लेकरांचे ताप मोजू लागले. एखादी बाई बाळाच्या कपाळाला पालथा हात लावून "अंगात कसर आहे" म्हणाली की ते चिडत. "कसर म्हंजे किती? हात लबाड असते." मग खिशातून काचेचा थर्मामीटर निघे. तो बाळाच्या बगलेत गेला की म्हणत, "लागली फलाटावर." पुढे मनगटी घड्याळावर पूर्ण पाच मिनिटं. चौथ्या मिनिटाला कोणी विचारलंच, तर, "टाइम झाल्याबिगर गाडी सुटत नाही."

बाळ मात्र त्यांच्याच मांडीवर द्यावं लागे. आई दंड नीट दाबून धरत नाही, आकडा चुकतो, असं त्यांचं म्हणणं. आणि पारा दुसऱ्या कोणी वाचायचा नाही. घरी ते एकटेच होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं.

मुक्ता, तू तेव्हा सात महिन्यांची. तुमची आई तुला घेऊन महिनाभर माझ्याकडे माहेरी राहायला आली होती. एका सकाळी तू तापलीस. गुलाबराव न बोलावता आले. ते झटकायला उभे राहतात तोवर तुमच्या आईने पुण्याहून आणलेला बटणाचा थर्मामीटर वाजला. एकशे एक.

"झालंबी?" गुलाबराव म्हणाले.

"हो काका. मिनिटभरही लागत नाही याला."

"मंग माह्यं काय काम." त्यांनी थर्मामीटर डबीत घातला आणि दाराशी चपला शोधू लागले. चपला समोरच होत्या.

तुमची आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काका, हा पुण्याचा. याला धाडचा ताप काय कळतो? तुम्ही बघा. डॉक्टरांकडे जायची पिशवी भरते मी तोवर." आणि तिने तुला त्यांच्या मांडीवर ठेवलं.

तू रडत होतीस. "काऊन रडून राह्यली वं माय? मी आहो ना," ते म्हणत होते. थोड्या वेळाने तू गप्प झालीस. पिशवी भरून झाली.

"गुलाबराव, झाली पाच मिनिटं," मी म्हटलं.

त्यांनी तुझ्या बगलेतून थर्मामीटर हळूच काढला आणि न बघता माझ्या हातात दिला. "तुमीच वाचा, मॅडम. लेकरू झोपून राह्यलं."

मी वाचला. एकशे एकच होता. डॉक्टरांच्या औषधाने ताप तिसऱ्या दिवशी उतरला.

आता गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरी बटणाचा थर्मामीटर आहे. तरी लेकरू तापलं की बाया गुलाबरावांना बोलावतात आणि त्यांच्या मांडीवर देतात.