टोपीतला मका

देवश्रीने मक्याचे ट्रे पहिल्यांदा ओट्यावर ठेवले, ते कोंबड्यांनी उकरले. दुसऱ्यांदा माळ्यावर ठेवले, तिथे उंदीर पोचले. एम.एस्सी.च्या प्रयोगासाठी मोठा, मध्यम आणि बारीक दाणा चाळून तीन ट्रेमध्ये वीस-वीस पेरायचा आणि दहाव्या दिवशी रोपं मोजायची, एवढंच काम. त्यात महिना गेला. सर फोनवर म्हणाले होते, "आता आकडे आले नाहीत तर वर्ष गेलं समज."

म्हणून तिसऱ्यांदा ट्रे देवघरात, आईच्या घटाशेजारी. आई, सरोजिनीबाई, नवरात्राच्या उपासात रोज त्यांनाही हळदकुंकू वाहायच्या. "उगवतंय ना? मग ते देवीचंच," एवढंच हळू आवाजात म्हणायच्या. वाद घालायचं त्राण देवश्रीत उरलं नव्हतं.

दहावा दिवस दसऱ्याचा. रोपांच्या वजनासाठी बारीक काटा हवा, म्हणून ती सकाळी बेलापूरच्या पेठेत सोनाराकडे गेली. सणाची गर्दी, तास मोडला. येताना पाहते तो ज्याच्या त्याच्या टोपीत हिरवेगार तुरे. यंदा गावाचे घट छान उगवले, असं वाटून तिला तेवढंच बरं वाटलं.

घरी तिन्ही ट्रे बोडके.

"लंकामावशी, माझी रोपं?"

शेजारच्या लंकाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "वाटली की! तुजी आई देवळात गेली, मला म्हनली घटातलं धान वाटा. घटातलं बोटभर, अन् ह्ये वीतभर! हळदकुंकू बी हुतं. समदं खुडलं."

देवश्रीने रिकामा ट्रे उचलून पाहिला. "आता परत कसं मागू?"

"देवीचा परसाद परत मागतीस व्हय गं?"

"परत नको. कुठल्या ट्रेतलं कुणाला दिलं, तेवढं आठवतंय का?"

"न आठवायला काय झालं? मोठ्या दान्याचं लई उंच, ते देवीला अन् थोरामोठ्यांना. मधलं पावन्यांना. बारकं घरच्यांना. घरच्यांना काय, चालतं."

देवश्रीने पट्टी घेतली, वही घेतली आणि निघाली. दसऱ्याला लहानांनी थोरांपुढे वाकायचं. इथे अख्खं गाव तिच्यापुढे वाकत होतं. "काका, जरा खाली. अजून थोडं. सतरा." एकाने सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, तेव्हा पट्टी हलली आणि पुन्हा मोजावं लागलं. देवीच्या मुकुटातली दोन रोपं आईनेच गाभाऱ्यात जाऊन सुताने मोजून आणली. वजनाचं राहिलंच, काटा पिशवीत तसाच.

संध्याकाळपर्यंत साठातली अठ्ठावन्न सापडली. उंचीची उतरंड अगदी चाळणीबरहुकूम होती. ती पाय पसरून बसते न बसते तोच सुनील दारात. याच्याच पोत्यातला मका तिने चाळला होता, तेव्हा तो पोट धरून हसला होता.

"ताई, माज्या टोपीतलं बी कुठलं? दोन एकराला पायजे."

"तुझ्याच पोत्यातलं, भाऊ. नुसतं चाळलेलं."

सुनीलने टोपी काढून तुरा बोटाने चाचपला. मग म्हणाला, "चाळन कुठं हाय?"

दिवेलागणीला सोनं द्यायला माणसं आली, ती एका हातात आपट्याचं पान आणि खांद्यावर मक्याचं पोतं घेऊन. देवश्रीने हताशपणे चाळणी उचलली.

पलीकडून लंकाबाई ओरडल्या, "बारका दाना फेकू नगं गं पोरी! फुडल्या दसऱ्याला घरच्यांच्या टोपीला लागंल."