नकाशा जरूर उघडा!

"या रविवारी वाचनालयाचा हॉल कमी पडेल, बघच तू!" लेखकमहाशयांनी चहाचा कप खाली ठेवत बायकोला बजावलं. "खुर्च्या बाहेरून मागवाव्या लागतील!"

बायको शाळेत गणित शिकवायची. ती शांतपणे म्हणाली, "हॉलमध्ये साठ खुर्च्या आहेत. मागच्या वेळी सात भरल्या होत्या. त्यातल्या दोन खुर्च्यांवर आपल्या छत्र्या होत्या."

लेखकमहाशय अद्भुतकथा लिहीत. ड्रॅगन, बुटके, बोलणारी तलवार, सगळा सरंजाम! शिवाय ते स्वतंत्र लेखक होते. म्हणजे एकाही प्रकाशकाने दारात उभं केलं नसल्यामुळे ते स्वतःच लिहीत, स्वतःच छापत आणि कौतुकही बहुतेक वेळा स्वतःच करत. चार भाग झाले होते, पाचवा रविवारी येणार होता. पण या वेळी ग्रंथपालबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, "निम्मा हॉल तरी भरवा. नाहीतर पुढच्या वर्षीपासून तुमची तारीख बुद्धिबळ मंडळाला! त्यांचे चाळीस जण येतात, आणि एक शब्द बोलत नाहीत." सोंगट्या सरकवणाऱ्यांपुढे आपण हरायचं? लेखकमहाशयांच्या हे फार जिव्हारी लागलं होतं.

त्यांची सगळी भिस्त होती वाचकपत्रावर. दर महिन्याला ते 'ड्रॅगनच्या गुहेतून' नावाचं पत्र ईमेलने पाठवत. नव्या पुस्तकाची खबर, दोन विनोद, एक कोडं आणि लेखकाचा तलवार घेतलेला फोटो. दोन वर्षांपूर्वी या पत्राचे वाचक होते अकरा. मग एका महिन्यात काय चमत्कार झाला कोण जाणे, आकडा एकदम दोनशे बारावर गेला! यादीत नुसते ईमेलचे पत्ते होते, नावं नव्हती. लेखकमहाशयांना त्यात चमत्कार वगैरे वाटला नाही. सातासमुद्रापार पसरलेल्या जाणकार रसिकांनी अखेर आपल्याला शोधून काढलं, असं त्यांचं ठाम मत झालं. एखादा दीपगृहाचा रखवालदार, एखादी एकाकी शास्त्रज्ञ... या न पाहिलेल्या वाचकांवर त्यांचा भारी जीव होता.

पाहिलेल्या माणसांबद्दल मात्र त्यांना निव्वळ तुच्छता होती. आणि खरं सांगायचं तर त्यांचा धंदाच त्या तुच्छतेवर चालला होता! राक्षस कल्पनेतून काढण्याइतकी कल्पना त्यांच्याकडे नव्हती. ते ओळखीतला एखादा माणूस उचलत, त्याला शिंगं लावत आणि पुढच्या प्रकरणात मारून टाकत. गोंधळ नको म्हणून त्यांनी संगणकावर एक तक्ता केला होता. पहिल्या रकान्यात पात्र, दुसऱ्यात मूळ नमुना, तिसऱ्यात शेवट.

दलदलीची चेटकीण : बायकोची आत्या : स्वतःच्याच कढईत उकळून.
दंतासुर : दाताचे डॉक्टर : खड्डा न दिसल्याने, पान नव्वद.
कुरकुरे जुळे राक्षस : वरच्या मजल्यावरचं जोडपं : एकमेकांना कंटाळून.
दगडी पुतळा : ऑफिसातले साहेब : शेवट नाही, कारण सुरुवातच नाही.

असे अडतीस जण. आणि अगदी तळाला शेवटची ओळ. महावीर, उंच, अबोल, निगर्वी : मूळ नमुना, मी.

हा तक्ता बायकोच्या हाती लागला तर घरात महायुद्ध! म्हणून त्यांनी त्या फाइलला नाव दिलं 'राज्याचा नकाशा, जुना'. कारण त्यांच्या राज्याचा नकाशा आजवर घरात, ऑफिसात किंवा नात्यात एकाही माणसाने उघडून पाहिला नव्हता. ते आग्रह करकरून थकले होते. याहून सुरक्षित जागा कुठली!

तर शुक्रवारी सकाळी त्यांनी पत्र लिहिलं. "प्रिय रसिकहो! रविवारी वाचनालयात पाचव्या भागाचं प्रकाशन. ज्यांना शक्य असेल त्यांनी समुद्र ओलांडून यावं! सोबत माझ्या राज्याचा नकाशा भेट देत आहे. जरूर उघडा! प्रत्येकाला त्यात स्वतःचं काहीतरी सापडेल!"

मग नकाशा जोडायला गेले. संगणकावर दोन नकाशे एकाखाली एक होते. लेखकमहाशय तेव्हा मनात खुर्च्या मोजत होते. त्यांनी खालचा जोडला आणि पाठवून मोकळे झाले.

एरवी पत्राला तीन उत्तरं येत. त्यातलं एक 'कृपया पत्र थांबवा' असं असे. आज तासाभरात एकोणीस आली!

"बघ, बघ!" ते ओरडले. "एक वाचक लिहितो, 'मी नेमका कोण आहे ते आज कळलं.' काय खोली आहे! दुसरा लिहितो, 'पान नव्वदपर्यंत जिवंत ठेवलंत, आभारी आहे.' याला म्हणतात पात्राशी एकरूप होणं!"

बायकोने मान वाकडी करून पडद्याकडे पाहिलं. "आणि हे? 'आम्ही कुरकुरतो काय? रविवारी येतोय, समोरासमोर बोलू.'"

"अगं, रूपक आहे ते! तुला नाही कळायचं. तू नकाशा उघडलास का?"

"नाही."

"वाटलंच मला," लेखकमहाशय तुच्छतेने म्हणाले आणि चार वाजता दाढ दाखवायला निघून गेले.

दाताच्या डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस कोंबला, डोळ्यांवर दिवा ओढला आणि हातात ड्रिल घेतलं.

"आ करा. अजून मोठा. हं, आता बोलायचं नाही." डॉक्टर जवळ वाकले. "तर, पान नव्वद."

"अं?"

"सव्वीस वर्षं मी माणसांच्या तोंडातले मोहरीएवढे खड्डे शोधतोय. आणि तुमच्या दंतासुराला बैलगाडीएवढा खड्डा दिसत नाही? मारायचं तर मारा हो, पण माझ्या धंद्याची बेअब्रू कशाला?"

"अं अं अं!"

"मी तुमचा वाचक कसा, असंच ना? तुमच्या मिसेसना विचारा. दोन वर्षांपूर्वी दाढ काढायला आल्या होत्या. दाढ निघाली तरी उठेनात! म्हणाल्या, आधी यांच्या पत्रासाठी नाव द्या. तुमच्या साहेबांना त्यांनी लिफ्टमध्ये गाठलं, वरच्या जोडप्याला जिन्यात. शाळेतले सगळे शिक्षक तर एका दुपारीच नोंदवले. तुमची पत्रं मी काही उघडत नाही. पण आज आत्याबाईंचा फोन आला, नकाशा उघडा म्हणून. त्यांनी सगळ्यांनाच केलाय."

आत्याबाई! त्यांचं सारं आयुष्य टपाल कचेरीत गेलं होतं, आणि आलेलं टपाल न उघडणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. साऱ्या नात्यात हे ठाऊक होतं. लेखकमहाशयांनी मात्र आत्याबाईंना कढईत घालण्यापलीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

ड्रिल सुरू झालं. दीपगृहाचा रखवालदार गेला, एकाकी शास्त्रज्ञ गेली, सात समुद्र आटले. उरली चार गल्ल्यांतली दोनशे बारा ओळखीची माणसं. त्यातल्या सदतीस जणांना आपण मारलं होतं! लेखकमहाशयांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते दाढेमुळे नव्हतं.

घरी आले तेव्हा तक्ता बायकोसमोर उघडा होता. जबडा बधिर असल्यामुळे त्या घरात कित्येक महिन्यांनी तिला सलग बोलायला मिळालं.

"रोज संध्याकाळी 'अकराच, अकराच' करत बसायचात. जेवण जायचं नाही. बघवेना मला, म्हणून ओळखीच्या प्रत्येकाच्या विनवण्या केल्या! आणि तुम्ही त्याच माणसांना चिखलात लोळवलंत? माझ्या आत्याला उकळलंत?"

त्यांनी कागदावर लिहिलं, 'कार्यक्रम रद्द करू?'

"मुळीच नाही! त्यांनी तुमच्यासाठी नावं दिली. आता तुम्ही त्यांच्यासमोर उभं राहायचं."

आणि रविवारी खुर्च्या खरंच बाहेरून मागवाव्या लागल्या. प्रत्येकाच्या हातात तक्त्याची छापील प्रत! लेखकमहाशयांनी घसा साफ केला, तेवढ्यात साहेब उठले. "पुतळ्याला चार भागांत एकही वाक्य नाही. निदान एक तरी द्या. घरी मुलं विचारतात." वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "आम्ही कुरकुरतो, पण ते तुमचा नळ आमच्या भिंतीत गळतो म्हणून! ते लिहा की!" त्यांच्या बायकोने लगेच दुरुस्ती केली की नळ आधी गळायला लागला, कुरकुर नंतर सुरू झाली.

मग पहिल्या रांगेतून आत्याबाई उठल्या. चष्मा लावला. छापील प्रत नाकाजवळ धरली.

"कढईचं मी मनावर घेत नाही, जावईबापू," त्या म्हणाल्या. "पण ही शेवटची ओळ सगळ्यांनी ऐका. महावीर. उंच. अबोल. निगर्वी. मूळ नमुना..." त्यांनी चष्म्यावरून लेखकमहाशयांना नखशिखान्त न्याहाळलं. तो प्रवास फार लांबचा नव्हता. "...मी!"

हॉलमध्ये हशा फुटला! दाताचे डॉक्टर स्वतःचा जबडा धरून बसले. दगडी पुतळा आयुष्यात प्रथमच गदगदा हलला. ग्रंथपालबाई 'शांतता राखा' या पाटीखाली टेबलावर डोकं टेकून हसत होत्या. लेखकमहाशयांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाच भागांत त्यांनी इतक्यांना इतक्या परींनी मारलं, पण इतकं वाईट मरण एकालाही दिलं नव्हतं.

"चुकलं माझं," ते खाली बघत म्हणाले. "मी... निगर्वी काढून टाकतो."

"उंचही काढा!" मागून आवाज आला.

"आणि अबोल!" ही बायको होती.

पुढच्या वर्षीची तारीख बुद्धिबळवाल्यांना गेली नाही. ग्रंथपालबाईंनी सगळ्यांसमोरच वहीत लेखकमहाशयांचं नाव टाकलं. एवढं हसणं त्या हॉलने कधी ऐकलं नव्हतं, म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात लेखकमहाशयांनी नवं पत्र पाठवलं. या वेळी तीनदा तपासून खरा नकाशा जोडला. पत्र दोनशे बाराही जणांनी उघडलं. नकाशा दोघांनीच. त्यातला एक जण म्हणजे ते स्वतः, उघडतोय की नाही हे बघायला. दुसऱ्या वाचकाचं उत्तर संध्याकाळी आलं.

"जावईबापू, नकाशा पाहिला. दलदल फारच चिंचोळी काढली आहे. एवढ्याशा जागेत मी राहायचं कुठे आणि कढई ठेवायची कुठे?"

लेखकमहाशय मुकाट्याने खोडरबर शोधायला उठले.