पमीचं मऊ

सत्याऐंशी सालच्या हिवाळ्यात, संत्र्याची कलमं बांधताना, शेवटच्या चाळीस रोपांपाशी गुणवंताच्या पट्ट्या संपल्या. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीवरून कापलेला डोळा बसवायचा आणि वरून पट्टी आवळायची, असं ते काम. डोळे कापून तयार होते. पट्ट्यांसाठी सौंसरला जाऊन येईपर्यंत ते वाळले असते. बांधावर जुन्या लुगड्याचं एक फडकं पडलं होतं. गुणवंताने ते दात लावून फाडलं आणि चाळीसही डोळे बांधून टाकले.

दुपारी त्याची पाच वर्षांची पमी निंबाखाली आडवी झाली आणि आजूबाजूला चाचपू लागली.

"बाबा, माहं मऊ कुठी आहे?"

मऊ म्हणजे आईच्या लुगड्याचा तो तुकडा. तो बोटांत चोळत नाकाशी धरल्याशिवाय पमीला जन्मात झोप आली नव्हती. तिच्या आईने, उर्मिलाने, आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग रोपांकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"चिंधीच तं होती," गुणवंता म्हणाला. "दुसरी देतो न."

दुसरी चालली नाही. तिसरीही नाही. दोन दिवस पोर जेवताना पेंगे आणि आडवी केली की टक्क जागी. रडली असती तर बरं, पण ती नुसती बसून राही.

"एक तं सोडून द्या तिले," उर्मिला म्हणाली.

"सोडलं तं डोळा मरते. एकवीस दिवस हात लावाचा नाई." मग लेकीसमोर उकिडवा बसून त्याने थाप मारली, "रोपायले थंडी वाजते, पमे. तुहं मऊ पांघरून झोपून राहिले ते."

पमीने हे फार गंभीरपणे घेतलं. रोज दुपारी ती रोपांच्या ओळीत जाऊन आडवी होई, जवळची एक पट्टी अलगद चिमटीत धरी आणि झोपी जाई. गुणवंता आपल्या हुशारीवर खूश झाला.

एकविसाव्या दिवशी त्याने पट्ट्या कापल्या. सदतीस डोळे हिरवेगार होते. मातीने कडक झालेल्या त्या पट्ट्या पमीने हातातही घेतल्या नाहीत.

"आता थंडी नाई वाजन का त्यायले?"

"आता कायची थंडी!" गुणवंता हसला आणि बैलांना पाणी पाजायला गेला.

परतला तो आडवं व्हायला. जाताना खांद्यावरचा दुपट्टा त्याने निंबाच्या फांदीला टांगला होता. लग्नातला, विरून जाळी झालेला. उर्मिलाने तो दोनदा उकिरड्यावर टाकला होता आणि दोन्ही वेळा गुणवंताने तो परत आणला होता. तोंडावर तो नसला की त्याला झोप लागत नसे. आता फांदी मोकळी होती.

पमी रोपांत बसली होती. सगळ्या रोपांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळून झाल्या होत्या आणि शेवटचा तुकडा ती दात लावून फाडत होती.

"पमे! माहा दुपट्टा!"

पमीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर खोडसाळपणा अजिबात नव्हता.

"चिंधीच तं होती, बाबा."

उर्मिलाने पदर तोंडाशी धरला. गुणवंताचा उगारलेला हात आपोआप खाली आला. तो निंबाखाली जाऊन पडला. ह्या कुशीवर झाला, त्या कुशीवर झाला. ते दोन दिवस पोरीने कसे काढले असतील, हे त्याला आत्ता कळलं आणि फार लाज वाटली.

पमी उरलेली पट्टी घेऊन आली.

"नाकाशी धर. पहिले येत नाई झोप. मंग येते."

त्याने ती नाकाशी धरली. दुसरं टोक चिमटीत घेऊन पमी शेजारी आडवी झाली आणि बापाच्या आधी झोपली.