गादीला पाजलेली खळ

“गादी म्हणजे काय? कापूसच की! आणि कापूस कुणाला शिकवता? मला?”

गुरुसिद्धप्पांनी जोरात छातीवर हात मारला आणि दुसऱ्या हातातली चहाची बशी धोतरावर सांडली. छातीवर हात मारायचा त्यांना हक्क होता, हे कबूल करायला हवं. सोलापूरच्या एका गिरणीत, विणण्याआधी सुताला खळ पाजतात त्या सायझिंग खात्यात, त्यांनी अठरा वर्षं जॉबरकी, म्हणजे मुकादमी, केली होती. कापसातलं आपल्याला सगळं कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. जे कळत नसे, त्याला ते कापूस मानतच नसत!

गाद्यांचा विषय निघायला कारणही तसंच होतं. बुधवारी दुपारी अक्कलकोटहून शंकरप्पा येणार होते, आपल्या मुलासाठी गुरुसिद्धप्पांच्या लेकीला, विजयमालाला बघायला. घर पेढीचं, मुलगा शिकलेला, शंकरप्पा स्वतः देवमाणूस. पण या देवमाणसाला एकाच गोष्टीचं वावडं होतं. ढेकूण! मुलगी बघायला गेले की ते जेवून घटकाभर आडवे होत, आणि ढेकूण चावला की उठून सरळ टांग्यात बसत. तुळजापूरचं एक आणि बार्शीचं एक, अशी दोन चांगली स्थळं त्यांनी पाठ खाजवत मोडली होती. इकडे विजयमालानं मुलाला गड्ड्याच्या जत्रेत लांबून पाहिलं होतं आणि तेवढ्यावरच पोरगी हरखून गेली होती.

“पिंजाऱ्याला सांगावा धाडा की,” गौरम्मा नवऱ्याला म्हणाल्या. “तो कापूस पिंजून देईल. खोळी मी धुते. चांगलं ऊन दाखवू, आत कडुनिंबाचा पाला घालू. झालं!”

“ह्ये तुझ्या आजीच्या काळचं! उद्या रविवार हाय, गिरणीला सुट्टी. तू फक्त बघत बस.”

गौरम्मा बघत बसल्या, हीच त्यांची चूक.

घरात अंथरुणं तीन जातींची. गौरम्मांच्या माहेरची सावरीची मऊ गादी, धुळा धनगराकडून घेतलेली घोंगडी आणि बैठकीतली कापसाची जाड गादी. गुरुसिद्धप्पांनी सुरुवात सावरीपासून केली. गादी माळवदावर नेली, खोळ उसवली आणि काठीचा पहिला तडाखा हाणला. चैत्रातलं वारं टपूनच बसलेलं होतं! बघता बघता सगळी सावरी आभाळात. गल्लीत भर उन्हाळ्यात बर्फ पडल्यासारखं झालं, आणि शेजारच्या माळवदावरून मल्लव्वांची किंकाळी आली.

“गौरम्मा! माझ्या कुरडयांना दाढ्या फुटल्या की!”

“सावरी कापसात धरत न्हाईत,” गुरुसिद्धप्पा घाम पुसत म्हणाले. “ते झाडाचं काम. माझं खातं न्हाई ते.”

मग घोंगडी. तिला त्यांनी सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात तासभर रटरटवली. शेळीचं दूध घालायला आलेल्या धुळानं दांडीवरची घोंगडी पाहिली आणि चरवी खाली ठेवली.

“मालक, ह्यी कुणाची वं?”

“तुझीच की रे. तूच दिलेली.”

“म्या दिली ती तीन मानसं निजतील एवढी हुती! ह्यी तर कोकराला बी आखूड हाय. लोकरीला कुटं कडक पानी घालत्यात व्हय? गार पान्यात रिठं घालायचं, हलक्या हातानं धुवायचं, आन् सावलीला वाळवायचं. आमची बारकी पोरगी बी सांगंल की!”

धुळा जो हसायला लागला तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. “लोकर बी माझं खातं न्हाई,” गुरुसिद्धप्पा पुटपुटले.

“आता त्या कापसाच्या गादीला बोट लावाल तर बघा!” गौरम्मा कडाडल्या. “घरात तेवढी एकच राहिली. माझ्या लेकीचं नशीब हाय त्या गादीवर!”

एवढं बजावून त्या मल्लव्वांची समजूत घालायला गेल्या, आणि गुरुसिद्धप्पांना मोकळं रान मिळालं. गादी आहे तशी, कापसासकट, त्यांनी माळवदावर रिठ्याच्या पाण्यानं धुतली. पाणी माळवदातून झिरपून नुकत्याच सारवलेल्या बैठकीत ठिबकू लागलं, पण त्यांचं लक्ष होतं कुठं? त्यांना कल्पना सुचली होती! खळ पाजलेलं सूत कसं गुळगुळीत होतं, त्याला घाण धरत नाही. मग गादीलाच खळ दिली तर? ढेकणाला शिरायला भोकच राहणार नाही! त्यांनी हंडाभर ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली आणि गादीला दोन्ही बाजूंनी तीन तीन हात दिले.

सोलापूरच्या उन्हात गादी तीन दिवस वाळली.

बुधवारी सकाळी ती जिन्यातून वळेना. शेवटी दोर बांधून अंगणात सोडावी लागली. बैठकीत ठेवली तेव्हा ‘खाट्’ असा आवाज झाला! गौरम्मांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या धावत शेजारी गेल्या, तर मल्लव्वा दारातूनच म्हणाल्या, “गादी देते की! परत काय द्याल, फळी?”

हात हलवत परतलेल्या गौरम्मांनी त्या फळीवर नवी चादर घातली आणि सिद्धरामेश्वराचा धावा केला.

शंकरप्पा आले, शेंगापोळी पोटभर जेवले आणि बैठकीत येऊन बसले. बसले आणि दचकले. त्यांनी चादरीवरून हात फिरवला. मग बोट वाकवून टकटक केलं, कान लावला, आणि गंभीरपणे विचारलं,

“आत कोण हाय का?”

पानाचं तबक घेऊन आलेल्या विजयमालाला हसू आवरेना! बघायला आलेल्या माणसासमोर मुलगी खदाखदा हसते आहे, तबकातल्या सुपाऱ्या घरंगळताहेत, आणि गौरम्मा भिंतीला टेकल्या आहेत.

“ही जरा... नव्या पद्धतीची...” गुरुसिद्धप्पा चादरीची सुरकुती सारखी करत म्हणाले.

“न्हाई, मामा,” विजयमाला डोळे पुसत शंकरप्पांना म्हणाली. “अप्पांनी गादीला खळ पाजली. ढेकूण चावून माझी सोयरीक मोडू नये म्हणून. सुट्टीचा अख्खा दिवस उन्हात राबलेत ते. घोंगडी आटली, सावरी उडाली, पण लबाडी न्हाई त्यात. माया हाय.”

गुरुसिद्धप्पा घरंगळलेल्या सुपाऱ्या गोळा करू लागले. शंकरप्पा आडवे झाले. तासाभरानं हाडं मोजत उठले, चादर उचलून चारी कोपरे न्याहाळले.

“एक बी ढेकूण न्हाई,” ते म्हणाले. “ह्यात शिरायला त्याला छिन्नी-हातोडा लागंल! बार्शीला ‘नवी कोरी गादी’ म्हणून सांगितलं, आन् घटकाभरात... जाऊ द्या. तुमची पोर खरं बोलती आन् खरं हसती. बीगरू, मुलगी पसंत हाय!”

बीगरू! व्याही म्हणाले! गौरम्मा साखर आणायला धावल्या.

“पण एक अट हाय,” शंकरप्पा कण्हत म्हणाले. “लग्नात वऱ्हाडाची अंथरुणं आमची आमी गाडीत घालून आणू. तुमी त्यांना हात लावायचा न्हाई.”

“बरं,” गुरुसिद्धप्पा मान खाली घालून म्हणाले. “पण निदान उशांना थोडीशी...”

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. गौरम्मांनी साखरेची अख्खी मूठ त्यांच्या तोंडात कोंबली होती.