खुर्चीवाल्या अण्णांची मंद्रूपची सभा

"मंद्रूपची सभा अशी गाजवतो, की समोरचा पुन्यांदा माईकला हात लावणार न्हाय!"

प्रभुलिंगअण्णांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून ही गर्जना केली, तेव्हा ऐकायला दोघंच होते. एक बायको महेश्वरी आणि दुसरा त्यांचा जुना गडी धुळाप्पा. धुळाप्पानं टाळी वाजवली. महेश्वरीनं "दूध उतू चाललंय" म्हणत आतली वाट धरली.

सोलापुरात अण्णांचा मंडपाचा धंदा मोठा. लग्न असो, वास्तुशांत असो, नाहीतर पुढाऱ्याची सभा. खांब अण्णांचे, कनाती अण्णांच्या, भोंगे अण्णांचे आणि पाठीवर ठसठशीत अक्षरांत 'प्रभुलिंग मंडप' असं रंगवलेल्या खुर्च्याही अण्णांच्या. जिल्ह्यातल्या झाडून साऱ्या पुढाऱ्यांची भाषणं त्यांनी ऐकली होती, पण मंचाच्या मागच्या अंगाला, वायरींच्या भेंडोळ्याशेजारी उभं राहून. लोकांनी पुढाऱ्यांचे चेहरे बघितले, अण्णांनी पाठी बघितल्या. आणि तिथं उभ्या उभ्या त्यांना एका कुतूहलानं पछाडलं. समोर एवढा जनसमुदाय एकदम गप्प होतो आणि आपल्या तोंडाकडं बघायला लागतो, तेव्हा त्या माणसाला आतून वाटतं तरी काय?

दुसरा कुणी असता तर गल्लीतल्या मंडळात दोन शब्द बोलून हौस भागवली असती. अण्णांनी थेट आमदारकीचा अर्ज भरला! अपक्ष. निशाणीसुद्धा मागून घेतली, खुर्ची!

"निवडून येऊ न येऊ," ते महेश्वरीला म्हणाले, "पर एकदा पुढं हुबारून बोलायचंय. लोकं गप हून ऐकत्यात तवा कसं वाटतंय, ते बगायचंय मला."

"मग घरात बोला की. मी हाय की समोर."

"तू गप कुटं बसतीस?"

यावर महेश्वरी गप्प बसली नाही, हे सांगायला नकोच.

अण्णांनी भाषण पाठ केलं. पाणी, रस्ते, बाजाराला पत्र्याची शेड, सगळं त्यात होतं. म्हशीपुढं म्हणून बघितलं, म्हशीनं शांतपणे ऐकून घेतलं. हुरूप वाढला. मग मंद्रूपच्या बाजाराचा दिवस उजाडला, गावभर रिक्षा फिरली, "आज संध्याकाळी खुर्चीवाल्या प्रभुलिंगअण्णांची सभा हो!", आणि अण्णांनी माल न्यायला गोदाम उघडलं. आत एक मांजर होतं. बाकी काही नव्हतं.

"धुळाप्पा! खुर्च्या कुटं हायत?"

"गेल्या की मंद्रूपला."

"शाब्बास रे वाघा! सांगायच्या आदीच पोचवल्यास?"

"व्हय. आबासायबांच्या सभेला."

आबासाहेब म्हणजे अण्णांच्याविरुद्ध उभे असलेले, दोनदा आमदार झालेले बडे बागायतदार. त्यांचीही सभा आजच, मंद्रूपलाच, बाजाराशेजारच्या मैदानात.

"कुनाला इचारून दिल्यास?"

"त्यांचा नारळ आलता की! तुमीच फोडला आन् गुळासंगट खाल्लासा बी."

आता मंडपवाल्यांचा रिवाज असा, की गिऱ्हाइकानं गल्ल्यापुढं नारळ ठेवला, मालकानं तो फोडला, की ती तारीख त्या गिऱ्हाइकाची. मग सख्ख्या भावाचं लग्न निघालं तरी माल फिरवायचा नाही. अण्णांच्या वडिलांनी हा रिवाज पाळला, अण्णांनीही पाळला.

"मला वाटलं, माझ्या इजयासाटी कुनीतरी नवसाचा ठिवलाय!" अण्णा कळवळून म्हणाले.

"मग? गोड लागला न्हवं?" आतून महेश्वरीचा आवाज आला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय!

शेवटी घरातल्या दोन सतरंज्या आणि धुळाप्पाच्या मेव्हण्याचा एक घशाला सूज आलेला भोंगा घेऊन अण्णांनी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, कडुलिंबाखाली सभा मांडली. वेळ झाली. सतरंजीवर महेश्वरी बसली होती आणि एक शेळी. तीही पाला संपल्यावर निघून गेली.

"लोकं गेली कुटं?" अण्णांना राहवेना. "मी नुसतं मैदान बगून येतो."

"दुसऱ्याच्या सभेत जाऊ नगासा. लोकं काय म्हनतील?"

"सभेला न्हाय गं, खुर्च्या बगाय चाललोय!"

मैदान खचाखच भरलं होतं. अण्णांचा ऊर आधी भरून आला आणि मग एकदम दडपला. कारण पहिल्या रांगेत बसलेली, कांद्याची पाटी मांडीवर घेतलेली बाजारातली चंद्रव्वा त्यांना बघून ओरडली, "अण्णा, किती येळ बसायचं? बोला की आता!"

"मावशी, माझी सभा हितं न्हाय! तिकडं लिंबाखाली हाय!"

"लिंबाखाली? निशाणी खुर्ची, खुर्चीवर तुमचं नाव, आन् सभा तिकडं कशी आसंल? आमी न्हाय उटत."

सगळा बाजार रिक्षाचं ऐकून आला होता आणि खुर्च्यांवरचं नाव वाचून बसला होता. आबासाहेबांची माणसं जीपगाड्यांतून उतरली, तेव्हा त्यांना टेकायला जागा उरली नव्हती. आबासाहेब घाम पुसत माईकपुढं आले. "माझ्या बंधू-भगिनींनो..."

"खुर्चीवाले कुटं हायत?" मागून कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात खर्रर्र करून माईक बंद पडला. अण्णा दुसऱ्याच्या सभेत आहेत, उमेदवार आहेत, चार लोक बघताहेत, यातलं काही म्हणजे काहीच अण्णांच्या डोक्यात आलं नाही. आपला माईक बंद पडलाय! दोन ढांगांत ते मंचावर. वायर उपसली, दातानं सोलली, पिळून पुन्हा खोचली. भोंगा खणखणला आणि मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला!

आबासाहेब मुरलेले. त्यांनी चटकन अण्णांच्या खांद्यावर शाल टाकली. "बघा, प्रभुलिंगअण्णा आपल्या मंचावर आलेत! पाठिंब्याचे दोन शब्द तेच बोलतील." आणि त्यांनी अण्णांना माईकपुढं केलं.

खाली महेश्वरी धापा टाकत येऊन पोचली होती. तिनं तोंडावर पदर धरला. बोलले तर आपलं भाषण बोलतील, आबासाहेबांचा डाव त्यांच्यावरच उलटेल. गडबडले तर उद्या गावोगाव बोभाटा होईल, अण्णांनी माघार घेतली!

अण्णांनी समोर बघितलं. सगळं मैदान एकदम गप्प झालं. पोरं गप्प, पोलीस गप्प, चंद्रव्वा कांदे चिवडायची थांबली. हजारो डोळे अण्णांच्या तोंडावर खिळले. जन्मभर ज्याची वाट बघितली, तो क्षण हाच!

अण्णांनी घसा खाकरला. बोटानं माईकवर टकटक केलं.

"हॅलो... हॅलो... चेक. वन, टू, थ्री. मागं ऐकू येतंय का?"

"येतंय!" मैदान गरजलं.

"हां. या सायेब, चालू हाय," म्हणून अण्णांनी माईक आबासाहेबांच्या हातात दिला आणि मुकाट मंचामागं वायरींच्या भेंडोळ्याशेजारी जाऊन उभे राहिले.

घरी परतताना टेम्पोत महेश्वरीनं विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता, "लोकं गप बसली व्हती की वो. कसं वाटलं मग?"

अण्णांनी खांद्यावरची शाल सारखी केली.

"ध्यानातच न्हाय राहिलं बग," ते म्हणाले. "मी आवाज कसा येतोय ते ऐकत व्हतो."