काचेमागचा वेंडेल

वेंडेल प्रुइटच्या एका हातात हेअर स्प्रेचा डबा होता, दुसऱ्या हातात बायकोचा गणवेश आणि दातांत मुलीच्या केसांच्या पिना. नेमक्या त्याच वेळी आयोजकांपैकी एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "टेटम प्रुइट कोण? तिला दोन्ही टीममधून उतरता येणार नाही. एकच निवडा."

तोंडात पिना असल्यामुळे वेंडेलला काही बोलता आलं नाही. एरवीही त्या घरात त्याच्या वाट्याला फारसं बोलणं येत नसे.

कोच डॉटच्या जिममध्ये चिअरलीडिंग, म्हणजे नाचता नाचता एकमेकांना हातांवर उचलून धरायचा खेळ, शिकवत आणि त्या जिमच्या दोन टीम होत्या. 'ब्लेझ' ही शाळकरी मुलींची. 'एम्बर्स'ला वयाची वरची मर्यादा नव्हती, म्हणून तिच्यात कॉलेजची पोरं होती, दोन नर्स होत्या आणि यंदापासून वेंडेलची चाळिशी ओलांडलेली बायको लोर्नाही होती. त्यांची मुलगी टेटम दोन्हीकडे होती. एकाच जिमच्या दोन टीममधून एका खेळाडूनं उतरायला हरकत नसते, फक्त त्या दोन टीम एकाच गटात नकोत. इतके दिवस त्या नव्हत्याच. पण यंदा टीम कमी आल्या, म्हणून आयोजकांनी त्या दिवशी सकाळी दोन्ही गट एक करून टाकले होते.

"हा नियम कोणी काढला, त्याला माझ्यासमोर आणा," पिना काढून वेंडेल म्हणाला.

"मी एम्बर्सकडून उतरते," टेटम म्हणाली. "मम्मीला खालून कोण धरणार?"

"गप बस," लोर्ना म्हणाली. "ब्लेझच्या पोरींबरोबर तू रांगायला शिकलीस. तू तिकडेच उतरायचं. मी काय, मागे उभी राहून हात हलवीन."

ती हसत म्हणाली खरी, पण डोळ्यांतलं काजळ गालावर यायला लागलं होतं. शाळेत असताना लोर्ना सगळ्यांच्या हातांवर चढून उभी राहणारी पोरगी होती. शेवटच्या वर्षी ऐन स्पर्धेच्या तोंडावर घोटा मोडला आणि तिची जागा दुसरीनं घेतली. ते वर चढणं राहून गेलं ते राहूनच गेलं. वेंडेलला हे माहीत होतं, कारण लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात तो घोटा दुखायचा आणि दर हिवाळ्यात ती गोष्ट निघायची.

कोच डॉटनं वेंडेलला नखशिखांत न्याहाळलं. "तुला इथं आत कोणी सोडलं रे?"

"तुम्हीच. चटया उचलायला. दारावरचा माणूस खेळाडूंशिवाय कुणाला सोडत नव्हता, म्हणून तुम्ही माझं नाव एम्बर्सचा राखीव खेळाडू म्हणून..." वेंडेल थांबला. टेटमच्या जागी आता आपल्यालाच उतरावं लागणार, आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे त्याच्या लक्षात आलं.

"याच्या हातात मी?" लोर्ना म्हणाली. "कोच, आमच्या लग्नातला केक यानं पाडला होता."

"केक निसरडा होता," वेंडेल म्हणाला.

"आणि मी काय आहे?"

वेंडेल चटई उलगडायला गेला.

आधी त्याला पेगी नर्सच्या जोडीला उभं केलं. पेगी उंचीनं जेमतेम त्याच्या छातीपर्यंत येत होती, त्यामुळे लोर्नाचा एक पाय आभाळाकडे आणि दुसरा जमिनीकडे निघाला. "तू एकटाच उचल," कोचनं निकाल दिला. "दिवसभर दुकानात गुरांच्या खाद्याची पोती उचलतोसच की."

"पोतं घरी येऊन बोलत नाही," वेंडेल पुटपुटला, पण दोनदा उचलून दाखवलं. मापाचा गणवेश नव्हता, म्हणून स्वतःच्याच काळ्या बनियनवर चमकी फवारली. डोक्यावरचा रिबिनीचा मोठा बो मात्र कुणालाच चुकत नव्हता. त्याच्या डोक्यावर जे काही केस शिल्लक होते, त्यांत टेटमनं तो बो मघाशी त्याच्याच दातांत असलेल्या पिनांनी घट्ट बसवला.

"नाच येतो का पण?" कोचनं विचारलं.

"सगळा येतो," वेंडेल म्हणाला. ते खोटं नव्हतं. सराव चालू असताना जिमच्या काचेमागे कॉफी घेऊन बसणाऱ्या प्रत्येक आईबापाला सगळा नाच येतो. बसल्या जागी हातसुद्धा हलतात.

एम्बर्सची पाळी आली आणि गाणं सुरू झालं. सगळी टीम उजवीकडे वळली आणि वेंडेल डावीकडे. अख्खा नाच तो समोरून बघून शिकला होता, त्यामुळे जसा दिसला तसाच त्याच्या अंगात बसला होता. पुढच्याच ठेक्याला पेगीचं नाक त्याच्या छातीवर आपटलं.

"उलटं करतोयस," पेगी हसरं तोंड न मिटता म्हणाली.

"मला आत्ताच कळलं."

मध्येच सुधारायला जावं तर तेलही जाईल आणि तूपही. म्हणून तो मन लावून उलटंच नाचला. टीम बसली की तो डाव्या अंगानं बसे, टीम उठली की डाव्या अंगानं उठे, आणि प्रत्येक वेळी न चुकता कुणाच्या तरी समोर येई. लोकांना वाटलं, हे बसवलेलंच आहे. हॉल टाळ्यांनी आणि हसण्यानं भरून गेला. कडेला ब्लेझच्या पोरी घसा फोडून ओरडत होत्या, टेटम सगळ्यांत पुढे.

मग उचलायची वेळ आली. आता त्याला मधोमध उभं राहायचं होतं, आणि मध्याला डावं-उजवं नसतं.

"वेंडेल," त्याच्या हातांवर पाय ठेवताना लोर्ना म्हणाली, "केक."

"लक्षात आहे."

ती वर गेली. वेंडेलला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पाय हातात होते. एक घोटा थरथरत होता, तोच जुना. मग तो थरथरायचा थांबला आणि लोर्ना ताठ उभी राहिली, दोन्ही हात वर करून. इतका आनंद वेंडेलला लग्नाच्या दिवशीही झाला नव्हता. त्या दिवशी केकचं टेन्शन होतं.

निकाल लागला. ओक व्हॅली जिम तिसरी, ब्लेझ दुसरी, एम्बर्स पहिली. मुख्य परीक्षकांनी मायक्रोफोनवरून खास उल्लेख केला, की चुकणाऱ्या गड्याची भूमिका फार बारकाईनं बसवलेली होती.

"डॅडी, आमचा पहिला नंबर तू घालवलास," टेटम म्हणाली आणि त्याच्या गळ्यात पडली. लोर्ना पदक दातांनी चावून बघत होती.

इतक्यात ओक व्हॅलीचे कोच ब्राइस लगबगीनं आले. "साहेब, आमच्याही मोठ्यांच्या टीमला तुमच्यासारखा गडी हवाय. पुढच्या महिन्यात येता का?"

वेंडेल ताठ झाला. डोक्यावरचा बोही ताठ झाला. "एका हंगामात एका खेळाडूला दोन जिम चालत नाहीत," तो म्हणाला. "नियम आहे. आणि फार विचार करून केलेला नियम आहे."

गाडीत बसल्यावर वेंडेलचं डोकं ठणकायला लागलं, तेव्हा लोर्ना त्याच्या केसांतल्या पिना काढायला लागली. हातात जागा नव्हती म्हणून एकेक काढून दातांत धरत गेली. तिच्या तोंडात पुरेशा पिना जमल्याची खात्री झाल्यावर वेंडेलनं घसा साफ केला, आणि लग्नातला केक तिच्या मावशीच्या धक्क्यानं पडला होता, हे शांतपणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगून टाकलं.