सासऱ्यांचा चुंबक

मला बायकोने स्टोव्हच्या वाती आणायला पाठवलं होतं. एवढं वाक्य तुम्ही लक्षात ठेवा, कारण इंदूरच्या पलासियाला पोचेपर्यंत माझ्या ते लक्षात राहिलं नाही.

आधी आमच्या घरची व्यवस्था सांगतो. मी मिलच्या टाइम ऑफिसात होतो. भोंगा झाला की कोण वेळेवर आला आणि कोण उशिरा, हे बघणं माझं काम. (मी स्वतः कधी उशिरा गेलो नाही. घर मिलच्या इतकं जवळ होतं की उशीर करायला मुद्दाम वळसा घालून जावं लागलं असतं.) पुढे मिल बंद पडली, भोंगा बंद पडला आणि आम्ही सुदामा नगरात राहायला आलो. त्याच सुमारास देशात बाजार खुला झाला, असं पेपरात रोज येत होतं. आमच्या घरात मात्र एकच गोष्ट खुली झाली, ती म्हणजे बायकोची डब्यांची खानावळ.

बायकोचं नाव धम्मदीना. तिच्याबद्दल मला काय वाटतं ते एकदाच सांगून टाकतो. मिलला कुलूप लागलं त्या संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो आणि ती कणीक मळत होती. परात भरून मळत होती. "एवढी कुणासाठी?" असं मी विचारलं तर म्हणाली, "बघू, कोणी न कोणी खाणारा मिळेलच." मिळाले. कोचिंगसाठी बाहेरगावाहून आलेली पोरं मिळाली, बँकेतले एकटे राहणारे बाबू मिळाले. ती डबे भरायची आणि मी लुनावरून पोचवायचो. त्या दिवसापासून या घराचा भोंगा म्हणजे तीच आहे. असं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि हे तिच्यासमोर बोलायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

तर आता मुद्द्याचं. पलासियाला कोचिंगच्या पोरांचं एक मोठं होस्टेल होतं. त्याचे मालक प्रतापराव. त्यांच्या कानावर आमच्या डब्यांची कीर्ती गेली आणि त्यांनी निरोप पाठवला की रविवारी दुपारी जेवायला येतो, पसंत पडलं तर अख्ख्या होस्टेलचं जेवण तुमच्याकडे. जाता जाता असंही कळवलं, की भाजी सगळेच चांगली करतात, मी दाळ बघतो.

निरोप ऐकून धम्मदीना दाळ निवडायला बसली. पण मी बघत होतो. दोन खोल्यांचं घर, एकच शेगडी, आणि या बाईला मोठा चुलाणा हवा, दोन मदतनीस हव्यात, दारावर पाटी हवी. इतकी वर्षं ते सगळं तिच्या डोक्यात कुठेतरी वाट बघत होतं. रविवार जमला तर जमला.

आणि शनिवारी सकाळी तिने गॅसची टंकी हलवून पाहिली.

"सुनो, टंकी उद्यापर्यंत पुरेल असं वाटत नाही," ती म्हणाली. "नंबर लावलाय, पण कधी येईल भरोसा नाही. स्टोव्ह काढून ठेवते. तुम्ही बस्स, वाती आणा. सीधे जा आणि सीधे या."

मी सीधा गेलो. वाटेत पलासियाला एक काचेचा शोरूम होता, आत एसी होता आणि बाहेर मे महिना होता. थोडं थंड होऊन पुढे जावं, एवढाच माझा विचार होता.

आत टाय लावलेला ऋषभ नावाचा मुलगा टेबलावर एक काळी चकचकीत लादी घेऊन उभा होता. त्या लादीवर त्याने आजचा पेपर पसरला, पेपरवर पाण्याचं पातेलं ठेवलं आणि बटण दाबलं. पाणी उकळलं. पेपर तसाच. मी पेपर उचलून बातमी वाचून पाहिली, अक्षरसुद्धा पिवळं पडलं नव्हतं.

"आग नाही, धुआँ नाही, टंकी नाही, सर," ऋषभ म्हणाला. "इंडक्शन. इंदूरमध्ये बिलकुल नया आयटम आहे."

टंकी नाही, हे शब्द माझ्या काळजाला भिडले. आजवर घरासाठी जे काही केलं ते तिने केलं होतं. ही एक गोष्ट मी करणार होतो.

शोरूममध्ये तीन मॉडेल होती. आता मी मॉडेल कसं निवडलं ते विचारू नका. बरं, सांगतोच. एकाला फिरवायचं बटण होतं, एकाला नुसतं बोट लावायचं होतं आणि तिसऱ्याला रोटी, दूध वगैरेंची चित्रं होती. ऋषभ वॅट समजावत होता, मी मान डोलावत होतो. मग त्याने सांगितलं की स्वयंपाक झाला की मशीन स्वतः आवाज देतं. मी म्हटलं, तिन्हींचे आवाज ऐकवा. तिसऱ्याचा आवाज असा होता, की दुकानातलं एक लहान मूल रडायला लागलं. कितीतरी वर्षांनी असा आवाज ऐकला होता. मी म्हटलं, हेच बांधा.

निघताना ऋषभ म्हणाला, "और हाँ सर, बर्तन चुंबक लावून बघा, फिर वापरा."

"ते मला नको शिकवू, भिया," मी म्हटलं. "चुंबक आमच्या घरातच आहे."

आणि तो होताच. हा चुंबक माझे सासरे आनंदराव यांचा. सासरे फौजेतले, महूला स्थायिक झालेले. भांड्यांची ते रायफलसारखी तपासणी करायचे. चुंबक चिकटला तर स्टील हलकं, गळून पडला तर अस्सल, हा त्यांचा कायदा, आणि आमच्याकडे तो सगळेच पाळतात. मुलीच्या लग्नातलं एकेक भांडं त्यांनी असं निवडलं होतं. तिथवर ठीक होतं. पण मांडवात माझ्या मारुतीमामांनी आहेर म्हणून पातेलं दिलं, त्यालाही सासऱ्यांनी सगळ्यांदेखत चुंबक लावला. तो असा चिकटला की काढताना पातेलं सोबत वर आलं. मामा त्यानंतर पंगतीला बसले नाहीत. ते पातेलं पुढे गळक्या नळाखाली गेलं आणि तिथेच राहिलं. चुंबक धम्मदीनाच्या शिवणाच्या डब्यात आला, सुया उचलायला.

घरी खोकं उघडलं. धम्मदीनाने लादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाती?"

मी पेपर न जळण्याचं शास्त्र समजावायला घेतलं.

"लाइट गेल्यावर काय करायचं?" तिने विचारलं.

त्या काळी इंदुरात रोज दुपारी कटौती व्हायची. घड्याळ चुकेल पण लाइट वेळेवर जायची. हा प्रश्न मला एसीत सुचला नव्हता. (एसी जनरेटरवर होता, हे मागाहून कळलं.) मी घाईने विषय बदलला. म्हटलं, याला बर्तन खास लागतं, तेही मीच आणतो. शिवणाच्या डब्यातून चुंबक खिशात टाकला आणि थेट बर्तन बाजार गाठला.

तिथे मी जी परीक्षा घेतली ती सासऱ्यांनी पाहिली असती तर मला मिठी मारली असती. प्रत्येक पातेल्याला चुंबक लावत गेलो. चिकटला की बाजूला. चिकटला की बाजूला. दुकानदार पहिल्यांदा वैतागला, मग आदराने उभा राहिला. शेवटी एक जाडजूड पातेलं असं निघालं की चुंबक त्याला शिवायलाही तयार नाही.

"नाव टाकून द्या," मी म्हटलं, आणि कोरून घेतलं : धम्मदीना भोजनालय. खाली बारीक अक्षरांत, व्यवस्थापक बुद्धरत्न. (भोजनालय अजून नव्हतं आणि माझी नेमणूकही झाली नव्हती. पण नाव घातलेलं भांडं कोणी परत घेत नाही, हे मला तेव्हा सोयीचं वाटलं होतं.)

रविवार उजाडला. भात झाला, भरली वांगी झाली, आणि दाळ चढवल्यावर शेगडीने एकदा निळं होऊन डोळे मिटले. टंकी संपली. प्रतापराव निघाले होते. कटौतीची वेळ जवळ आली होती.

"घाबरू नको," मी म्हटलं, आणि इतक्या वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडी पहिल्यांदाच शोभत होतं. नव्या पातेल्यात दाळ ओतली, लादीवर ठेवली, बटण दाबलं.

लादीने भोंगा दिला. मी पुन्हा दाबलं. पुन्हा भोंगा. पातेलं फिरवलं, पुसलं, उचलून ठेवलं. भोंगा काही थांबेना आणि दाळ काही तापेना.

शेजारचे दौलतराव दारात आले. मिलमध्ये मास्टर विणकर होते. "टाइमकीपर साहेब, मिल चालू झाली काय?" त्यांनी विचारलं. विचारलं हसतच, पण पायात चपला होत्या आणि शर्टाची बटणं लावलेली होती. मला क्षणभर दाळ विसरायला झालं.

धम्मदीना मात्र लादीसमोर उकिडवी बसली होती. तिने बटणांना हातही लावला नव्हता.

"त्या पोराने काय सांगितलं होतं? नीट याद करा."

"बर्तन चुंबक लावून बघा, म्हणाला."

"चिकटायला पाहिजे म्हणाला, का नाही चिकटायला पाहिजे?"

ते मी विचारलंच नव्हतं. चुंबक कशासाठी लावतात हे आमच्या खानदानात कोणी कुणाला विचारत नाही.

"स्टील चांगलं आहे का वाईट, त्याच्याशी या मशीनला काय करायचंय?" ती म्हणाली. "आत चुंबकाचंच काही असेल. त्याला चिकटणारं पाहिजे."

तिने माझ्या खिशातून चुंबक घेतला. नव्या पातेल्यावरून तो घसरला. सासऱ्यांनी निवडलेली अस्सल भांडी एकेक करून तपासली, सगळ्यांवरून घसरला. इतका उत्तम माल आणि एकही कामाचा नाही. मग तिची नजर मोरीकडे वळली, गळक्या नळाखाली.

चुंबक मामांच्या पातेल्याला टक्कन बसला.

चुंबक परत खिशात टाकून पुढचं मी नुसतं बघत उभा राहिलो. तिने चिंच आणि राख घेऊन ते पातेलं असं घासलं की मामांचं नाव लख्ख वर आलं. दाळ त्यात ओतली, लादीवर ठेवली. भोंगा बंद. थोड्याच वेळात दाळ रटरटायला लागली. वर तुपाची फोडणी पळीत, पळी लोखंडी, तीही त्याच लादीवर. मग लोखंडी तवा ठेवून पोळ्या. एकदाही चिडली नाही, एकदाही माझ्याकडे पाहून उसासा टाकला नाही. शेवटची पोळी तव्यावरून उतरली आणि लाइट गेली.

प्रतापराव त्याच क्षणी आत आले.

ते जेवत होते आणि मी इंडक्शनच्या खोक्याचं झाकण घेऊन त्यांना वारा घालत होतो. दाळ त्यांनी एकदा घेतली, मग पुन्हा मागितली, मग वाटी उचलून प्यायले. हात धुतल्यावर धम्मदीनाला म्हणाले, "बाई, पहिल्या तारखेपासून होस्टेल तुमचं. मोठ्या चुलाण्यासाठी मागचा शेड मोकळा करून देतो." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "आणि हा माणूस कामाला मेहनती दिसतो. कब से आहे तुमच्याकडे?"

"लग्नापासून," ती म्हणाली.

ते गेल्यावर ती थोडा वेळ पदराने तोंड झाकून बसली. मी समजलो की रडते आहे, जवळ गेलो, तर हसत होती. नंतर मात्र खरंच डोळे पुसले. "मामांना फोन करून सांगा," एवढंच म्हणाली.

आता ते अस्सल पातेलं, नाव आणि व्यवस्थापकासकट, गळक्या नळाखाली असतं. मामांचं पातेलं फडताळात वर, मधोमध.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा निघालो. फाटकापर्यंत गेलो तोच तिने हाक मारून थांबवलं. जवळ आली. गालात हसत होती. माझ्या शर्टाच्या खिशावर तिने हात ठेवला, भर रस्त्यात, या वयात. मी दौलतरावांच्या खिडकीकडे पाहिलं आणि केस सारखे केले.

तिने खिशातून चुंबक काढून घेतला आणि म्हणाली, "वाती."